अपयशी सहकाऱ्याला किती द्यायचे? नवनिर्मितीच्या मोबदल्यावरच्या एका प्रयोगाची कहाणी

पार्श्वभूमी

नवे काही करून पाहणाऱ्याला पैसे कसे द्यावेत, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. प्रयत्न फसलेल्या माणसाला बाकीचे कितपत सांभाळून घेतात, हा त्याच्या शेजारचाच प्रश्न; पण त्यावर काम करणारी माणसे बहुतेक वेळा वेगळी असतात. एका विद्यापीठातल्या प्रायोगिक अर्थशास्त्राच्या गटाने हे दोन्ही प्रश्न एकाच प्रयोगात आणायचे ठरवले. गट तिघांचा: प्रमुख संशोधिका, पीएचडी करणारा एक विद्यार्थी आणि प्रयोगशाळेचे प्रोग्रॅमिंग सांभाळणारी एक सहकारी. आराखड्याच्या बैठकांना मी बाहेरचा सल्लागार म्हणून बसत असे. गट ओळखू येईल असे तपशील इथे गाळले आहेत. त्यांचे निकाल अजून प्रसिद्ध झालेले नाहीत, म्हणून आकडे न देता फक्त निकालांची दिशा सांगितली आहे.

दोन्ही बाजूंचे आधीचे काम त्यांच्यासमोर होते. नवनिर्मितीच्या बाजूला फ्लोरियन एडरर आणि गुस्ताव्हो मान्सो यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यात सहभागी व्यक्ती संगणकावर लिंबू सरबताचा गाडा चालवते. आधीच्या व्यवस्थापकाची बेताचा नफा देणारी कृती तिला आयती मिळते. तीच चालू ठेवायची, की जागा, किंमत आणि साखरेचे प्रमाण बदलून पाहायचे, हे वीस फेऱ्यांत तिने ठरवायचे. काहींना ठरावीक पगार होता, काहींना सगळ्या फेऱ्यांच्या नफ्यातला अर्धा वाटा, तर काहींना फक्त शेवटच्या दहा फेऱ्यांच्या नफ्यातला अर्धा वाटा. सर्वांत जास्त शोधाशोध या शेवटच्यांनी केली, कारण पहिल्या दहा फेऱ्यांतल्या चुका त्यांना फुकट होत्या. मधेच काढून टाकण्याची अट घातल्यावर लोक पुन्हा जपून खेळू लागले. काढताना भरपाई देऊ केल्यावर ते जपून खेळणे बरेचसे कमी झाले.

बांधिलकीच्या, म्हणजे अपयशी माणसाला सांभाळून घेण्याच्या, बाजूला राइनहार्ड सेल्टन आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांचा १९९८ चा खेळ होता. तिघांचा गट. प्रत्येकाला दोन तृतीयांश शक्यतेने १० जर्मन मार्क मिळणार, नाहीतर काहीच नाही. निकाल कळण्याआधी प्रत्येकाने सांगायचे: मी जिंकलो आणि एक जण हरला तर त्याला किती देईन, दोघे हरले तर प्रत्येकाला किती देईन. पुढे कधीच परतफेड होणार नाही हे माहीत असूनही बहुतेकांनी काही ना काही दिले. त्यातला सर्वांत ठळक नमुना असा, की हरणारा एक असो वा दोन, देणारा आपल्या खिशातून एकूण रक्कम तेवढीच काढतो. दोघे हरले तर ती दोघांत वाटली जाते, इतकेच.

या दोघांना जोडणारा दुवा थॉमस बुसर आणि ॲना ड्रेबर यांच्या २०१६ च्या कामात होता. जिंकणाऱ्याला सगळे देणाऱ्या स्पर्धेतून गेलेले लोक नंतरच्या सामायिक निधीच्या खेळात (सगळ्यांच्या फायद्यासाठी स्वतःचे किती पैसे घालायचे, हे ज्यात प्रत्येकाने ठरवायचे असते) कमी सहकार्य करतात, असे त्यांना दिसले. जिंकणारा केवळ चिठ्ठीने ठरवला तरी परिणाम तोच होता.

यावरून गटाचा अंदाज सरळ होता. विजेत्याला सगळे देणारी पद्धत बांधिलकी आटवेल. उशिरा मोबदला देणारी, म्हणजे फक्त शेवटच्या फेऱ्यांवर पैसे देणारी, पद्धत शोधाला बळ देईल आणि बांधिलकीलाही धक्का लावणार नाही.

पहिला आराखडा

प्रयोगाचे दोन भाग होते. पहिल्या भागात प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर एक काल्पनिक कारखाना चालवतो. चार घटकांचे प्रमाण ठरवायचे, फेरीगणिक उत्पादन कळते, त्यात थोडा नशिबाचा चढउतार मिसळलेला. एक कृती आयती दिलेली, उत्पादन मध्यम. त्याहून चांगली मिश्रणे त्या कृतीपासून बरीच लांब, आणि वाटेत उत्पादन घसरते. एडरर-मान्सो यांच्याप्रमाणेच वीस फेऱ्या. तिघांचा एक गट, पण एकमेकांचे काम शेवटपर्यंत दिसत नाही.

उत्तर आधीपासून ठरलेले असलेले हे कोडे म्हणजे नवनिर्मिती का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला. गॅरी चार्नेस आणि डॅनिएला ग्रिको यांनी दाखवले आहे की पैशाने बंदिस्त कोड्यांतली सर्जकता वाढते, मोकळ्या कामांतली वाढत नाही. तरी गटाने बंदिस्त कोडेच घेतले, कारण त्यात शोध किती झाला हे संगणक मोजतो, परीक्षक बसवावे लागत नाहीत. मोजणीच्या सोयीसाठी हे ठीक आहे. पण अशा प्रयोगाच्या शीर्षकात ‘नवनिर्मिती’ हा शब्द पाहिला की मी थोडा सावध होतो.

दुसरा भाग म्हणजे सेल्टन-ओकेनफेल्स यांचाच खेळ, फक्त फाशाऐवजी पहिल्या भागातली कामगिरी. शेवटच्या काही फेऱ्यांचे उत्पादन ठरलेल्या पातळीखाली गेले तर माणूस अपयशी. उरलेल्यांनी आपल्या कमाईतून त्याला किती द्यायचे ते सांगायचे. मोबदल्याच्या तीन पद्धती: ठरावीक रक्कम, विजेत्याला सगळे आणि उशिरा मोबदला.

अडचण

चाचणी सत्रांनी हा आराखडा मोडला.

पहिली गोष्ट निदान कागदावर आधीच दिसायला हवी होती. विजेत्याला सगळे देणाऱ्या पद्धतीत एकाकडे मोठी रक्कम आणि बाकीच्यांकडे जवळजवळ शून्य. उशिरा मोबदल्यात रकमा मधल्या पट्ट्यात. मग एका पद्धतीत लोकांनी कमी दिले, तर ते बांधिलकी आटल्यामुळे की खिशात देण्यासारखे काही नसल्यामुळे, हे कसे कळणार?

दुसरी अडचण अधिक खोल होती. प्रत्येक पद्धतीत अपयशी ठरणारी माणसेच वेगळी निघत होती. ठरावीक रक्कम मिळणाऱ्यांत अपयशी ठरत ते बहुधा कंटाळून काहीही दाबत बसलेले. उशिरा मोबदल्यात अपयशी ठरत ते लांबवर शोधायला गेलेले आणि वेळेत न परतलेले. दोन्हीकडच्या सरासरी देणग्या शेजारी ठेवल्या तर आपण मोबदल्याच्या पद्धतींची तुलना करत नाही. कुणाला मदत केली, यातला फरक मोजत बसतो.

तिसरी गोष्ट सत्रानंतरच्या प्रश्नावलीतून आली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. उशिरा मोबदल्यातही देणग्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी होत्या. कारण विचारल्यावर पुन्हा पुन्हा एकच सूर: त्याने लक्ष दिले नसेल. देणाऱ्यासमोर फक्त ‘अपयशी’ एवढाच शेरा होता. धाडस करून पडलेला आणि नुसता बसून राहिलेला, दोघे त्याला एकसारखेच दिसत होते. अशा वेळी माणूस स्वतःवरून अंदाज बांधतो. ज्यांनी स्वतः फारसे काही नवे करून पाहिले नव्हते, त्यांना दुसऱ्याने पाहिले असेल हे सुचतच नव्हते.

लोक हा फरक करतात, याचे पुरावे आधीपासून आहेत. अलेक्झांडर कॅपेलेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की जोखीम घेतलेल्यांतली नशिबाने आलेली विषमता भरून काढायला बरेच लोक तयार असतात. पण एकाने जोखीम घेतली आणि दुसऱ्याने घेतली नाही, यातून आलेली विषमता काही जण वेगळ्या मापाने मोजतात. नवनिर्मितीत मात्र जोखीम घेणे हेच हवे असते. म्हणजे ज्या गुणासाठी मोबदला द्यायचा, त्याच गुणामुळे अपयश आल्यावर ‘तुझीच निवड होती’ असे ऐकायला मिळू शकते.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत स्वच्छ पर्याय विद्यार्थ्याने मांडला: दुसऱ्या भागातले अपयश पुन्हा फाशावर सोपवावे. मग अपयशी कोण हे मोबदल्याच्या पद्धतीपासून पूर्ण सुटे होते, निवडीचा घोळ संपतो आणि आकडेमोड सोपी होते. प्रमुख संशोधिकेचा आक्षेप असा, की मग उरतो तो स्पर्धेनंतर दानशूरपणा घटतो का हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर बुसर-ड्रेबर यांच्या कामात बरेचसे आलेले आहे. फसलेल्या शोधकाशी बांधिलकी हा विषयच हातातून जातो. यावर मोठा वाद झाला. दोघांचेही बरोबर होते, आणि त्यामुळेच तो लवकर सुटला नाही.

दुसरा पर्याय: दुसऱ्या भागाची माहिती सुरुवातीलाच द्यायची की नाही. सांगितले, तर पुढे कुणीतरी सांभाळून घेईल या भरवशावर लोक जास्त शोध घेतील. बांधिलकी तेव्हा विम्यासारखी काम करते. हा परिणाम स्वतःच मोलाचा आहे, एडरर-मान्सो यांच्या भरपाईच्या निष्कर्षाशी त्याचे नाते आहे. पण मग मोबदल्याने बांधिलकी बदलली की बांधिलकीच्या आशेने शोध बदलला, हे वेगळे काढता येत नाही. आणि न सांगितले तर? प्रायोगिक अर्थशास्त्रात सहभागींना फसवायचे नाही हा नियम फार कडक पाळला जातो. खोटे सांगणे निषिद्ध, पण पुढचे आत्ताच न सांगणे चालते, अशी सर्वसाधारण रीत आहे. ‘दुसरा भाग आहे, त्याच्या सूचना नंतर मिळतील’ हे वाक्य म्हणूनच सूचनापत्रकांत इतके दिसते.

तिसरा पर्याय प्रोग्रॅमर सहकाऱ्याने सुचवला, तोही जवळजवळ जाता जाता: पडद्यावर प्रत्येकाचा मार्ग, म्हणजे त्याने फेऱ्यांमध्ये काय काय करून पाहिले ते, दाखवावा. त्या दिवशी बैठकीत हा पडद्याच्या मांडणीचा मुद्दा म्हणून नोंदला गेला. प्रत्यक्षात पुढचा सगळा प्रयोग त्यावर उभा राहिला.

निर्णय

शेवटी ठरले ते असे. अपयश कामगिरीवरच ठरणार. मात्र दुसऱ्या भागासाठी यशस्वी ठरलेल्या प्रत्येकाला सारखीच टोकन मिळतील, अपयशी ठरलेल्याला शून्य. आणि दोन भागांपैकी एकाचेच पैसे चिठ्ठीने प्रत्यक्ष दिले जातील. त्यामुळे पहिल्या भागातली कमाई दुसऱ्या भागातल्या हातात मिसळत नाही. खिशाचा प्रश्न असा सुटला.

मार्ग दाखवायचा की नाही, हा आता प्रयोगाचा स्वतंत्र अक्ष झाला. अर्ध्या गटांना सोबत्याने वीसपैकी किती फेऱ्या आयत्या कृतीबाहेर काढल्या तो आकडा दिसणार, अर्ध्यांना नाही. पूर्ण फेरीवार पट्टी दाखवावी असे विद्यार्थ्याचे म्हणणे होते, पण पट्टीवरून उत्पादनाचाही अंदाज येतो: कुणी नव्या जागी जाऊन तिथेच स्थिरावला, तर त्याला काहीतरी सापडले हे उघड आहे. नुसता आकडा तेवढे सांगत नाही. म्हणून आकडा.

प्रश्न कसा विचारायचा यावरही वेळ गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला. सेल्टन-ओकेनफेल्स यांच्या मूळ खेळात निकालाआधी सशर्त उत्तरे घेण्यामागे एक व्यावहारिक फायदा आहे. त्या शक्यतांनी २७ पैकी ८ वेळा कुणीच हरत नाही आणि १ वेळा सगळे हरतात; म्हणजे निकालानंतर विचारायचे ठरवले तर एक तृतीयांश गट वाया जातात. तेव्हा सशर्त उत्तरे हवीत. पण ‘नवे करून पाहणारा हरला तर किती, जुन्यावर राहिलेला हरला तर किती’ असे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला लागोपाठ विचारले, की उत्तरात फरक असायला हवा हे तो लगेच ओळखतो. संशोधकाला हवे ते उत्तर देण्याची ही वाट बंद करण्यासाठी मधला मार्ग काढला. सोबत्याचा खरा आकडाच दाखवायचा, आणि अट फक्त यशापयशाची ठेवायची: हा सोबती अपयशी ठरला असेल तर तुम्ही किती द्याल? मला हा संपूर्ण आराखड्यातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

दुसरा भाग असल्याचे सांगायचे, त्यात काय आहे ते नाही, हेही ठरले. विम्याचा प्रश्न पुढच्या प्रयोगासाठी राखून ठेवला.

राहिला निधी. तीन मोबदले आणि आकडा दिसणे वा न दिसणे म्हणजे सहा प्रकार. आकडा दिसतो तिथे एकाच्या वागण्याचा दुसऱ्याच्या देण्यावर परिणाम होतो, त्यामुळे विश्लेषणात स्वतंत्र नोंद म्हणून माणूस मोजता येत नाही, तिघांचा गट मोजावा लागतो. सहा प्रकारांना पुरतील इतके गट परवडत नव्हते. ठरावीक रकमेची पद्धत वगळली आणि चार प्रकार उरले. विद्यार्थ्याने लेखी हरकत नोंदवली: तुलनेचा पाया गेला, आता फरक दिसला तर स्पर्धेने बांधिलकी घटवली की उशिरा मोबदल्याने वाढवली, हे सांगता येणार नाही. हरकत फाइलला लागली, निर्णय बदलला नाही.

अंमलबजावणी

गृहीतके सत्रांआधी नोंदवली गेली. मुख्य गृहीतक दोन पद्धतींतल्या सरासरी देणगीच्या फरकाचे. सोबत्याचा आकडा वाढतो तशी देणगी वाढते का, हे दुय्यम म्हणून. सत्रे सुरळीत पार पडली. कटकट एकाच गोष्टीची झाली. उशिरा मोबदल्यात भरपूर शोध घेतलेल्या काहींना दुसऱ्या भागात कळले की त्याच शोधामुळे आपल्याला आता शून्य टोकन आहेत. त्यांनी चिडून लिहिले: हे आधी सांगितले असते तर आम्ही जपून खेळलो असतो. नैतिकता समितीनेही याबद्दल विचारणा केली. हजेरीचा ठरावीक भत्ता सगळ्यांना मिळत होता आणि खोटे काही सांगितलेले नव्हते, म्हणून मंजुरी कायम राहिली. तरी तक्रारीत तथ्य होते.

निष्पत्ती

शोधाच्या बाबतीत अंदाज बरोबर ठरला: उशिरा मोबदल्यात लोक आयत्या कृतीपासून अधिक वेळा आणि अधिक लांब गेले.

मुख्य गृहीतकाचे तसे झाले नाही. आकडा न दाखवलेल्या गटांत विजेत्याला सगळे देणाऱ्या पद्धतीत देणग्या कमी होत्या, पण अनिश्चितता इतकी मोठी की फरक शून्यही असू शकेल. दुय्यम गृहीतकात मात्र स्पष्ट काहीतरी दिसले. उशिरा मोबदल्यात सोबत्याचा आकडा जितका मोठा, तितकी देणगी मोठी. स्पर्धेत हा उतार जवळजवळ सपाट: आकडा मोठा असला तरी देणगी जवळजवळ तेवढीच. स्पर्धेतल्या देणाऱ्यांना माहिती मिळाली, पण तिचा त्यांच्या देण्यावर फारसा परिणाम झाला नाही. याचे एक कारण असे असू शकते की स्पर्धेत दुसऱ्याचा शोध हा आपल्याला असलेला धोका म्हणून वाचला जातो; हे अनुमान आहे, प्रयोगाने ते तपासलेले नाही.

आणखी एक लहानसे निरीक्षण मला आवडले. आकडा दिसत नव्हता तिथे ‘एकूण तेवढीच रक्कम’ हा १९९८ चा नमुना बऱ्याच जणांत पुन्हा सापडला. आकडा दिसल्यावर तो विस्कटला. लोक दोघांत समान वाटप सोडून एकाला जास्त, एकाला कमी देऊ लागले. माहितीने काहींच्या वाट्याला अधिक आले आणि ते दुसऱ्याच्या वाट्यातून गेले.

लेख लिहिताना शेवटचा पेच आला. दुय्यम निष्कर्षाला मथळ्यात आणून मुख्य गृहीतक मागे ढकलण्याचा मोह होताच. प्रमुख संशोधिकेने नोंदवलेला क्रम बदलू दिला नाही. लेख त्यामुळे कमी चमकदार झाला.

वेगळे काय करता आले असते

ठरावीक रकमेची पद्धत वगळण्याऐवजी स्पर्धेच्या पद्धतीत आकडा दाखवायचा की नाही, ही फोड वगळता आली असती. मग प्रत्येक मोबदल्याचा आकडा न दाखवलेला एकेक प्रकार आणि उशिरा मोबदल्याचा आकडा दाखवलेला एक, असे चारच प्रकार होऊन तुलनेचा पाया राहिला असता. सपाट उतार मात्र मग दिसलाच नसता. मागे वळून पाहताना हे सांगणे सोपे आहे, पण मुख्य गृहीतक सरासरीच्या फरकाचे असताना पाया सोडणे मला तेव्हाही खटकले होते.

चिडलेल्या सहभागींचा प्रश्न अर्धवट माहितीने सुटला असता. शेवटच्या फेऱ्यांत अमुक पातळीखाली गेलात तर दुसऱ्या भागात टोकन मिळणार नाहीत, एवढे सुरुवातीला सांगायचे. देणगीबद्दल काही नाही. लोक थोडे जपून खेळले असते आणि शोधातला फरक कमी दिसला असता. ती किंमत द्यायला हवी होती असे माझे मत. प्रमुख संशोधिका अजून सहमत नाही. तिच्या मते ती अट म्हणजे एडरर-मान्सो यांच्या प्रयोगातली काढून टाकण्याची धमकीच, आणि ती घातली की उशिरा मोबदला उशिरा मोबदला राहत नाही.

पुढचा प्रयोग विम्याचा आहे: देणगीचा टप्पा येणार हे अर्ध्यांना आधीच सांगायचे. तिथे नवी अडचण समोर आहे. सांभाळून घेतील या भरवशावर कुणी खरा शोध घेईल, कुणी काहीही दाबत बसेल, आणि ‘आयत्या कृतीबाहेरच्या फेऱ्या’ या आकड्यात दोघे सारखेच मोजले जातील. प्रोग्रॅमर सहकारी सध्या वेगळे माप बसवते आहे. आधीच्या फेरीचे उत्पादन पाहून पुढचे प्रमाण बदलले का, आणि प्रत्येक निर्णयाला किती वेळ घेतला, याची नोंद. ते माप देणाऱ्याला दाखवायचे की फक्त विश्लेषणासाठी ठेवायचे, यावर गटात पुन्हा दोन मते आहेत.